अभ्यासाला बदली

आमच्या हॉस्पिटलात मला ड्यूटीबाई म्हणतात. नर्सेसच्या ड्यूट्या लावायच्या, कोण सकाळपाळीला, कोण रात्रपाळीला, कोणाची सुट्टी, कोणाच्या जागी कोण, हे सगळं एका मोठ्या कागदावर चौकोनांत बसवायचं आणि मग महिनाभर सगळ्यांची बोलणी खायची, हे माझं काम. मी स्वतः नर्स नाही. इंजेक्शनची सुई पाहिली तरी माझे हातपाय गार पडतात. पण माझ्या चार्टमध्ये रिकामा चौकोन कोणाला कधी सापडला नाही. कोणी आजारी पडो, कोणाच्या बहिणीचं लग्न निघो, कोणाचं पोर जिन्यावरून गडगडो, मी कुठून ना कुठून बदली माणूस उभा करतेच. याचा मला गर्व आहे. तो हॉस्पिटलातच ठेवून घरी आले असते तर पुढचं काही झालं नसतं.

मला वकील व्हायचं होतं. चाळिशी उलटल्यावर लोक गुडघ्यांना तेल लावायला लागतात, मला हे सुचलं. त्याला निमित्त झालं ते आमच्या एका सिस्टरचं. न सांगता गैरहजर राहिली म्हणून तिला कामावरून काढलं आणि सुनावणीला मला चार्ट घेऊन साक्षीला बोलावलं. हॉस्पिटलच्या वकिलांनी विचारलं, त्या दिवशी चार्टवर हिचं नाव आहे की नाही. मी म्हटलं, आहे, पण. त्यांनी मला तिथेच थांबवलं आणि विचारलं तेवढंच सांगायला सांगितलं. माझं पुढचं वाक्य असं होतं की तिने दुसरीशी तोंडी अदलाबदल केली होती, मला सांगून केली होती, आणि आली नाही ती दुसरी. ते वाक्य कोणी ऐकलंच नाही. तिचा स्वतःचा वकील त्या वेळी मान खाली घालून कागद चाळत होता. सिस्टरची नोकरी गेली.

त्या दिवशी घरी येऊन मी भांडी आपटत स्वयंपाक केला. तिच्या वकिलाने काय विचारायला हवं होतं, मी काय सांगायला हवं होतं, हे सगळं मी गॅसच्या शेगडीला ऐकवलं. नवरा म्हणाला, एवढं आहे तर तूच हो की वकील. तो हे गमतीने म्हणाला. मी गंमत कधी गमतीने घेत नाही, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याच्या ध्यानात राहत नाही.

चौकशी केली तर कळलं की लॉ कॉलेजचे संध्याकाळचे वर्ग बंद होणार आहेत. यंदा शेवटची तुकडी घेणार, पुढच्या वर्षापासून सगळं दिवसा. दिवसा मी चौकोन भरत असते आणि त्या पगारावर घर चालतं. म्हणजे यंदा प्रवेश परीक्षा पास झाले तर वकील, नाहीतर जन्मभर शेगडीपुढेच उलटतपासणी. परीक्षेला काही महिने होते. अर्ज भरला आणि जाडजूड पुस्तकं घेऊन आले.

कोणत्याही शहाण्या माणसाने अशा वेळी पुस्तक उघडलं असतं. मी फूटपट्टी काढली.

नियोजनाशिवाय अभ्यास करणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा, असं माझं मत होतं आणि ते मी घरात सगळ्यांना ऐकवलं. पहिला चार्ट पेन्सिलने केला. त्यात सगळे विषय नीट बसले, पण झोप धरायची राहून गेली. दुसऱ्यात झोप बसवली तर नोकरी बाहेर पडली. तिसरा जमला. कायदा निळा, तर्क हिरवा, सामान्य ज्ञान जांभळं, भाषा केशरी आणि सराव परीक्षा लाल. त्यात साप्ताहिक सुट्टी होती, आजारपणाची रजा होती, दर आठवड्याला एक राखीव वेळ होती, आणि राखीव वेळ वाया गेली तर तिच्यासाठी आणखी एक राखीव होती. एक पानही न वाचता मी स्वतःला साप्ताहिक सुट्टी मंजूर केली आणि ती लगेच भोगलीही. हा चार्ट करण्यात तीन आठवडे गेले. ते वाया गेले असं मला वाटलं नाही, कारण त्यांच्यासाठी मी चार्टवर वर एक करडा पट्टा काढून त्यात 'पूर्वतयारी' असं लिहून टाकलं होतं.

आमच्या मेट्रनबाईंना दाखवला. त्या माझ्या साहेब. कोणाचं कौतुक करायचं तर त्यांना घाम फुटतो, पण चार्ट बघून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की आपल्या हॉस्पिटलचा चार्ट इतका देखणा कधी झाला नव्हता. मी हवेत तरंगतच घरी आले आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला.

घरात आम्ही चौघं. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याने चार्टकडे बघून विचारलं की हे सगळं एका फ्यूजवर आहे का. लेक शाळेत वरच्या वर्गात आहे आणि त्या वयात आईची जितकी कीव करता येते तितकी ती करते. आणि माझे सासरे, त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. त्यांनी उभा जन्म मालधक्क्यावरच्या वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात घालवला. सासूबाई गेल्यापासून खिडकीशी बसून असतात आणि खालून जाणाऱ्या ट्रकचं वजन मनातल्या मनात करतात. बोलणं बेताचं. चार्टकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

पहिल्याच सोमवारी सकाळी जांभळा चौकोन होता, म्हणजे सामान्य ज्ञान. पुस्तक उघडते न उघडते तोच हॉस्पिटलचा फोन आला. दोघी आल्या नव्हत्या. धावत गेले, दोन बदल्या उभ्या केल्या, संध्याकाळी परत आले तर दारावर तो जांभळा चौकोन माझ्याकडे बघत होता. रिकामा. लोकांना रक्त बघवत नाही, मला रिकामा चौकोन बघवत नाही. जीव कासावीस झाला. अण्णा समोर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी विचारलं, अण्णा, आज पेपर वाचलात का? म्हणाले, वाचला. मग त्यातल्या घडामोडी सांगाल का जेवताना? म्हणाले, सांगीन. मी पेन घेतलं आणि त्या चौकोनात 'अण्णा' असं लिहून टाकलं.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. जागा भरली होती. कोणीतरी ड्यूटीवर होतं.

ज्याला एकदा बदली मिळाली त्याला दुसऱ्यांदा मागताना लाज वाटत नाही, हे मी नर्सेसमध्ये रोज बघते. माझंही तसंच झालं. पुढच्या आठवड्यात तर्काचा हिरवा चौकोन आला तेव्हा डोकं दुखत होतं, तो अण्णांनाच दिला. ते जमलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं की सर्व खुर्च्या टेबलं आहेत, काही टेबलं पक्षी आहेत, तर काही खुर्च्या पक्षी आहेत का ते सांगा. अण्णांचा पारा चढला. खुर्ची टेबल असेलच कशी, आणि हे छापणाऱ्याला कोणी विचारलं कसं नाही, म्हणून ते सबंध दिवस धुमसत होते. मी अनुभवी बाई आहे. ज्याला वॉर्ड झेपत नाही त्याला मी वॉर्ड बदलून देते. तर्क लेकीला दिला आणि अण्णांना कायद्यातले करार दिले. नवऱ्याला भाषा आणि निष्काळजीपणाचे दावे. लिफ्टवाल्याला निष्काळजीपणा शिकवावा लागत नाही, त्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्या कंपनीवरचे चार काल्पनिक दावे सांगून दाखवले.

बदली माणसाने काम केलं की चार्ज द्यायचा असतो, म्हणजे वॉर्डात काय झालं, कोणाला काय दिलं, हे पुढच्या पाळीला सांगून जायचं. मी घरातही तो नियम लावला. रात्री जेवताना तिघं मला चार्ज द्यायचे. अण्णा सांगायचे की दुकानाच्या काचेत वस्तू ठेवून तिच्यावर किंमत लावली तर तो काही विकायचा प्रस्ताव होत नाही, ते नुसतं गिऱ्हाइकाला आमंत्रण, प्रस्ताव गिऱ्हाइकाने आत जाऊन करायचा. लेक सांगायची की एक बाई फोटोकडे बोट दाखवून म्हणते, हा माझ्या आईच्या एकुलत्या एका मुलीचा मुलगा, तर तो तिचा कोण. मी आमटीला फोडणी देत, कोणाला काय वाढायचं ते बघत, उद्या कोण येणार नाही याचा हिशेब करत 'हं, हं' म्हणायचे. हॉस्पिटलात असा चार्ज कोणी घेतला असता तर मी तिला मेट्रनबाईंपुढे उभी केली असती.

पण चार्ट फुलत गेला. एकही चौकोन रिकामा नाही. निळ्यात अण्णा, हिरव्यात लेक, केशरीत नवरा, आणि मधूनच कुठेतरी मी. पाहुणे आले की मी त्यांना आधी दाराशी नेऊन चार्ट दाखवायचे, मग पाणी. सगळे म्हणायचे, काय शिस्त आहे हो तुमच्यात. मीही मान हलवायचे, जणू पोटात सगळं पुस्तक बसलंय.

घरात मात्र एक बदल झाला, तो मी धरला नव्हता. अण्णा खिडकी सोडून टेबलाशी बसायला लागले. नवरा कामावरून येताना लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा नुकसानभरपाईवर हक्क किती, यावर विचार करत यायचा. लेक आणि अण्णा भांडायला लागले, आणि भांडताना अण्णांचा आवाज चढायचा. सासूबाई गेल्यानंतर त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला बरं वाटायचं. मग मी या बरं वाटण्याचं श्रेयही चार्टला देऊन टाकलं.

परीक्षेला महिना राहिला तेव्हा लाल चौकोन आला. सराव परीक्षा. मागच्या वर्षीचा पेपर, वेळ लावून. रविवार होता, म्हणजे माझी साप्ताहिक सुट्टी, तीही मी उदारपणे सोडली. जेवणाच्या टेबलावर बसले, लेक घड्याळ घेऊन समोर. मी पेपर लिहिला. लिहिला म्हणजे काय, पहिली काही उत्तरं आत्मविश्वासाने लिहिली, मग काही अंदाजाने, मग नुसते गोल रंगवत गेले. लेकीने तपासायला घेतला. तपासताना तिचा चेहरा हळूहळू मऊ होत गेला तेव्हाच मी ओळखलं, कारण ती मऊ होणारी मुलगी नाही.

निम्मेही मार्क नव्हते. गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश जिथे थांबला होता, त्याच्या आसपासही नाही.

नवऱ्याला वाटलं पेपरच अवघड आहे. त्याने बघायला घेतला, भाषेचे प्रश्न खडाखडा सोडवले. अण्णा चष्मा लावून पुढे सरसावले, करारावरचे सगळे सोडवले आणि एका ठिकाणी छापील उत्तरसूचीच चुकली आहे म्हणून ठामपणे सांगितलं. ती खरंच चुकली होती. लेकीने तर्क संपवला. मधे मधे सामान्य ज्ञानावरून अण्णा आणि नवरा एकमेकांवर ओरडत होते. शेवटी लेकीने बेरीज केली तर तिघांना मिळून इतके मार्क पडले होते की यादीत पहिल्या काहींत नाव लागलं असतं. नवरा इतका खूश झाला की आइस्क्रीम आणायला उठून चपला घालायला लागला. म्हणाला, बघितलंस, आपण पास.

"पास आपण झालो," लेक म्हणाली. "आई नाही."

तिने ते लागट बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त लागलं. मी दारावरच्या चार्टकडे बघितलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात पूर्ण चार्ट, आणि त्यात ज्या बाईची परीक्षा होती तीच गैरहजर. एवढं घसा फोडून मी वकिलांना नावं ठेवली की चार्टवर लिहिलंय म्हणजे तसंच घडलं असं नव्हे, आणि घरी येऊन स्वतःच्या बाबतीत नेमकी तीच चूक केली. इतकी हुशार मी.

मग मी रडले. शोभून दिसेल असं नाही, चांगलं नाक सुरसुर करत. नवऱ्याने पायातल्या चपला काढल्या. मी म्हटलं ते आजही मला स्पष्ट आठवतं, कारण तोपर्यंत ते मलाच माहीत नव्हतं.

"मला भीती वाटते रे," मी म्हटलं. "पुस्तक उघडलं की वाटतं, हे आपल्याला येणारच नाही. पहिल्या पानापासून वाटतंय. दुसऱ्याला ड्यूटी लावली की तेवढा वेळ कोणी मला काही विचारत नाही."

माझी समजूत काढायला कोणी तयार नव्हतं, कारण भीती खोटी नव्हती, मला खरंच येत नव्हतं. शेवटी अण्णा बोलले.

"आमच्याकडे ड्रायव्हर गाडी लांब उभी करायचे आणि काट्यावर नुसती पावती घ्यायला यायचे," ते म्हणाले. "मी म्हणायचो, गाडी आण बाबा. कमी भरली तर कमी भरली. पण काट्यावर आण."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि करारांचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, आता नीट चार्ज घे.

चार्ट उतरवताना दाराचा रंगही थोडा निघाला. नवा करायचा नाही, अशी मला तंबी मिळाली. लेकीने माझी फूटपट्टी तिच्या दप्तरात टाकली आणि चेन लावली. महिनाभर रोज जेवण झाल्यावर मी एकेकापुढे बसायचे आणि ते मला शिकवायचे. शिकवायचे म्हणजे छळायचे. अण्णा प्रत्येक कलमाला ट्रक जोडायचे. भुसा म्हणून सांगितलं आणि आत लोखंड निघालं, तर करार टिकतो का, सांग. चुकले की पुन्हा पहिल्यापासून. लेक तोंड वाकडं करून तर्क समजावायची आणि मी तिसऱ्यांदा विचारलं की वर छताकडे बघायची, अगदी मी तिला लहानपणी पाढे शिकवताना बघायचे तशी. नवरा सगळ्यात वाईट शिक्षक निघाला, कारण मी चुकले तरी तो म्हणायचा, जवळजवळ बरोबर आहे. मी सगळ्यांवर चिडत होते, सगळ्यात जास्त स्वतःवर. पण पुस्तक आता मीच उघडत होते. उघडलं की भीती वाटायचीच, ती काही कुठे गेली नाही. वाचता वाचता ती बाजूला बसून राहायची.

हॉस्पिटलात मात्र या काळात माझ्या चार्टमध्ये चुका व्हायला लागल्या. एकाच सिस्टरला मी एका दिवशी दोन वॉर्ड लावले. तिने येऊन विचारलं, अर्धी इकडे येऊ का अर्धी तिकडे? मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं, चार्ट पुढे ठेवला आणि विचारलं की परीक्षा कधी आहे. मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, लवकर होऊ दे एकदाची.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये माझ्या मागे-पुढे सगळी कालची पोरं. एकीने मला विचारलं, तुम्ही पर्यवेक्षक का? मी म्हटलं, नाही गं बाई, मीही तुझ्यासारखीच. पेपर हातात आला आणि मला जाणवलं की प्रश्न वाचताना मला घरातल्यांचे आवाज ऐकू येताहेत. हा अण्णांचा. हा लेकीचा, आणि छताकडे बघण्यासकट. पण गोल रंगवणारा हात माझाच होता, आणि जे मी महिनाभरात घेऊ शकले नव्हते ते तिथे मला कोणी आणून देणार नव्हतं. काही प्रश्न असे आले की ते कोणाच्या चौकोनात होते हेही मला आठवलं. ते माझ्या स्वतःच्या चौकोनातले होते. ते मी सोडून दिले.

बाहेर फाटकाशी तिघं उभे होते. परीक्षा कशी गेली असं कोणी विचारलं नाही. अण्णांनी विचारलं, करारावर किती आले, लेकीने विचारलं, गोल टेबलाभोवती माणसं बसवायचा प्रश्न होता का, आणि नवऱ्याने विचारलं, निष्काळजीपणा? प्रत्येकाला फक्त आपल्या वॉर्डाची काळजी.

निकाल लागला. मी पास झाले नाही आणि नापासही झाले नाही. प्रतीक्षा यादीत नाव लागलं, तेही तळाकडे. वर कोणी जागा सोडली, मग त्याच्या खालच्या कोणी सोडली, मग आणखी कोणी, तर माझा नंबर. नवऱ्याने तरी आइस्क्रीम आणलंच. अण्णा म्हणाले, गाडी काट्यावर आली ना, मग झालं. मी सगळ्यांना सांगितलं की मला काही वाटत नाही, आणि ऑफिसात जाऊन तेच सांगितलं, आणि जिन्यातल्या शेजारणीलाही सांगितलं, तिने विचारलंही नव्हतं. खरं तर मला फार वाटत होतं. चार्ट करण्यात घालवलेले ते तीन आठवडे हातात असते तर, असं रोज वाटत होतं. करडा पट्टा म्हणे. पूर्वतयारी म्हणे. स्वतःच्या कानाखाली वाजवता येत नाही म्हणून, नाहीतर.

यादी थोडी हलली, मग थांबली. वर्ग सुरू झाले. जे व्हायचं ते होऊन गेलं असं मी धरून चालले आणि पुन्हा चौकोनांकडे वळले. माझे चार्ट परत बिनचूक व्हायला लागले. मेट्रनबाईंनी एकदा माझ्या टेबलावर चहा ठेवला आणि त्या तिथे थोड्या जास्त वेळ उभ्या राहिल्या.

आणि मग एका दुपारी, पाळी बदलायच्या सुमाराला, फोन वाजला. त्या वेळी फोन वाजतो तो कोणीतरी येणार नाही म्हणून. मी सवयीने पेन उचललं. पण बोलणारा लॉ कॉलेजच्या ऑफिसातला कारकून होता. आवाज अगदी माझ्यासारखा, दमलेला, दहा जणांनी नाही म्हटल्यावर अकराव्याला फोन करणाऱ्या माणसाचा.

"एक जण वर्गाला आलाच नाही, त्याचा प्रवेश रद्द झालाय," तो म्हणाला. "वरच्या कोणाला आता नकोय. तुम्ही येता का? ऑफिस बंद व्हायच्या आत यावं लागेल, नाहीतर मी पुढचा नंबर लावतो."

हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हणत आले. एक जण आली नाही, तुम्ही येता का? आणि पलीकडून काय काय उत्तरं येतात ती मला पाठ आहेत. आज जमणार नाही, घरात पाहुणे आहेत. पाय मुरगळलाय. सासऱ्यांना बरं नाही. आधी कळवलं असतं तर. मी या बायकांना कामचुकार म्हणत आले, आणि आता ती सगळी उत्तरं एकापाठोपाठ एक माझ्याच जिभेवर आली. आधी कळवलं असतं तर, हे तर अगदी दातांपर्यंत. वर्ग सुरू होऊन दिवस झालेत, पोरं पुढे गेली असतील, माझं हे वय, आणि नापास व्हायची संधी आता परीक्षेपुरती नाही, पुढची कित्येक वर्षं. मला इतकी भीती वाटली की पेन हातात घट्ट धरलं गेलं. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या नर्सेसची मनापासून माफी मागावीशी वाटली.

"येते," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि पर्स शोधायला लागले. टेबलावर रात्रपाळीचा चार्ट अर्धा भरलेला होता. माझं काम संपायला अजून वेळ होता, आणि हीच ती वेळ, जेव्हा येणार नाही म्हणून सगळ्यांचे फोन येतात. मेट्रनबाई दारात उभ्या होत्या. मी सांगायला लागले, कॉलेज, ऑफिस बंद होईल, प्रवेश, आणि माझं वाक्य काही केल्या पुरं होईना. त्यांनी विचारलं, "आणि इथे तुमच्या जागी कोण?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी बदली बघितलेली नाही."

त्यांनी टेबलावरच्या अर्ध्या चार्टकडे बघितलं. मग बाजूला झाल्या. मी बाहेर पडले, व्हरांडा ओलांडला, जिन्यापाशी पोहोचले, तेवढ्यात मागे माझ्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. पाय आपोआप थांबले. इतक्या वर्षांत वाजता फोन सोडून मी कधी गेले नव्हते, आणि मी वळणारही होते. पण फोन उचलला गेला, आणि उघड्या दारातून मेट्रनबाईंचा आवाज आला.

"नाही, ड्यूटीबाई नाहीत. हो, गैरहजर आहेत. उद्यापासून संध्याकाळी नसतील. काय ते मला सांगा."

मी तोंडावर हात दाबून, एकेक पायरी गाळत, खाली धावत सुटले.